जॉन फॉगर्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा जॉन फॉगर्टी नेमका कोण?

अमेरिकन रॉक गायक, गीतकार, संगीतकार आणि गिटारवादक. जन्म २८ मे १९४५, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. लहानाचा मोठा झाला शेजारच्या एल सेरिटो गावात. नाव ऐकून चेहरा आठवत नसेल, तरी ‘प्राउड मेरी’, ‘बॅड मून रायझिंग’, ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ यातलं एखादं गाणं कानावरून गेलेलं असतंच. ही गाणी ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ ऊर्फ सीसीआर या बँडची म्हणून ओळखली जातात. लिहिली, चालीत बांधली, गायली आणि ध्वनिमुद्रित करून घेतली ती मात्र फॉगर्टीनं.

त्याच्या कारकिर्दीत गाणी जेवढी आहेत, जवळजवळ तेवढीच कोर्टकचेरी आहे. गाण्यांपुरतंच कुतूहल असेल तर खालचे निम्मे प्रश्न सोडून दिलेत तरी चालेल. पण मग मधली बरीच वर्षं हा माणूस स्वतःचीच गाणी का गात नव्हता, हे कळणार नाही.

बँड कसा जमला? ते विचित्र नाव कुठून आलं?

शाळेतल्या ओळखीतून. जॉन, ड्रमर डग क्लिफर्ड आणि बेस वाजवणारा स्टू कुक हे एका वर्गातले. १९५९ मध्ये तिघांनी ‘ब्लू व्हेल्व्हेट्स’ नावाचा बँड काढला. जॉनचा साडेतीन वर्षांनी मोठा भाऊ टॉम नंतर त्यात आला, आणि सुरुवातीला मुख्य गायक टॉमच होता. १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फँटसी रेकॉर्ड्स या जॅझ कंपनीनं त्यांना घेतलं आणि परस्पर त्यांचं नाव ‘गॉलिवॉग्ज’ ठेवून टाकलं. पोरांना ते नाव अजिबात आवडलं नव्हतं. त्या काळात जॉन याच कंपनीच्या गोदामात माल पाठवायचं कामही करत होता.

१९६७ मध्ये सॉल झेंट्झ यानं भागीदारांसह फँटसी विकत घेतली. नवा करार झाला आणि बँडला स्वतःचं नाव ठेवता आलं. टॉमच्या ओळखीतल्या एका माणसाच्या नावावरून ‘क्रीडन्स’, बिअरच्या जाहिरातीतल्या स्वच्छ पाण्यावरून ‘क्लिअरवॉटर’, आणि इतकी वर्षं खस्ता खाऊन पुन्हा उभं राहायचं म्हणून ‘रिव्हायव्हल’. झेंट्झचं नाव लक्षात ठेवा, तो पुढे प्रत्येक वळणावर भेटणार आहे. सिनेमाची आवड असणाऱ्यांना तो ‘अमेडियस’ आणि ‘द इंग्लिश पेशंट’चा ऑस्करविजेता निर्माता म्हणून माहीत असेल. तोच हा.

गाण्यांत इतकी दलदल आणि इतकी नदी आहे. तो अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियानाचा असणार ना?

नाही. ही फसगत जवळजवळ सगळ्यांची होते. ‘बॉर्न ऑन द बायू’ लिहिणारा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराजवळ वाढला आणि गाणं लिहीपर्यंत त्यानं ते बायू, म्हणजे दक्षिणेकडच्या दलदलीच्या खाड्या, धड पाहिल्याही नव्हत्या. त्याची दक्षिण उभी राहिली रेडिओवरच्या हाउलिन वुल्फ, लिटल रिचर्ड, कार्ल पर्किन्स यांच्या रेकॉर्डमधून आणि जुन्या सिनेमांतून. गातानाचे उच्चारसुद्धा त्यानं तिकडूनच उचलले. बोलताना तो तसा बोलत नाही.

यात काही खोटेपणा आहे का? मला तरी वाटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे इतर बँड त्या वेळी वीस-वीस मिनिटांच्या नशील्या आलापात रमलेले असताना हा तीन मिनिटांची, घट्ट बांधणीची, ताबडतोब पायाला ताल धरायला लावणारी गाणी करत होता. त्याला रॉक-अँड-रोलच्या उगमाकडे जायचं होतं आणि तो उगम दक्षिणेत होता.

१९६९ या वर्षाचा एवढा गवगवा का?

कारण त्या एका वर्षात सीसीआरचे तीन अल्बम आले : जानेवारीत ‘बायू कंट्री’, ऑगस्टमध्ये ‘ग्रीन रिव्हर’ आणि वर्ष संपायच्या आत ‘विली अँड द पुअर बॉइज’. तिन्हींत आजही वाजणारी गाणी आहेत. पुढच्या वर्षी ‘कॉस्मोज फॅक्टरी’ आला आणि अमेरिकेच्या अल्बम-यादीत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. पहिला अल्बम १९६८ चा, शेवटचा १९७२ चा. चार वर्षांच्या आत सात अल्बम, खेळ खलास.

सगळं एकट्याच्या डोक्यातून येत होतं. शब्द, चाल, वाद्यमेळ, निर्मिती, मुख्य गिटार, मुख्य आवाज; बरेचदा मागचे सूरही तोच स्वतःवर स्वतः चढवून भरायचा. बँडचं व्यवस्थापनही त्याच्याकडेच. कार्यक्रमानंतर प्रेक्षकांनी कितीही ओरडा केला तरी ‘वन्स मोअर’ द्यायचा नाही, हा नियमसुद्धा त्याचाच, आणि बाकीच्यांना तो मुळीच पटलेला नव्हता. या एकहाती कारभारामुळेच गाणी इतकी नेमकी झाली आणि बँड इतक्या लवकर संपला, असं माझं मत आहे.

‘प्राउड मेरी’ची गोष्ट काय आहे?

व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांची सक्तीची भरती सुरू होती. १९६६ मध्ये जॉनला बोलावणं आलं आणि तो आर्मी रिझर्व्हमध्ये गेला. १९६८ मध्ये सुटकेचा कागद घरी आला, त्याच दिवशी आनंदाच्या भरात हे गाणं झालं, असं तो सांगतो. सुरुवातीचे ते धाडधाड उतरणारे कॉर्ड बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीच्या ओळखीच्या सुरावटीवरून सुचले, हेही त्याचंच सांगणं. गाणं नदीवरच्या बोटीचं आहे, पण शहरातली नोकरी टाकून निघालेल्या माणसाचा सुटकेचा सुस्कारा त्यात कुणालाही ऐकू येतो.

१९७१ मध्ये आइक आणि टीना टर्नरनं ते आपल्या पद्धतीनं गायलं, तेही गाजलं, त्याला ग्रॅमी मिळाली. आज अनेकांना ते टीनाचंच गाणं वाटतं. याचा पुढे एका प्रसंगाशी संबंध आहे.

सीसीआरचं एकही गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं नाही, हे खरं का?

खरं. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या सिंगल-यादीत, म्हणजे सुट्या गाण्यांच्या क्रमवारीत, त्यांच्या पाच रेकॉर्ड दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचल्या आणि तिथेच अडल्या. ब्रिटनमध्ये मात्र ‘बॅड मून रायझिंग’ पहिलं आलं.

१९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात सीसीआरनं वाजवलं, मग त्यावरच्या सिनेमात ते का दिसत नाहीत?

फॉगर्टीनं नकार दिला म्हणून. त्यांच्या आधीचा ग्रेटफुल डेड हा बँड लांबत गेला, सीसीआर मंचावर आले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि चिखलात बसलेले बरेच लोक झोपले होते. आपलं वाजवणं दाखवण्याजोगं झालं नाही असं त्याला वाटलं. बाकी तिघांना तो निर्णय चुकीचा वाटला. त्या रात्रीचं पूर्ण ध्वनिमुद्रण शेवटी २०१९ मध्ये अल्बमरूपात आलं. ऐकून बघा, तक्रार करण्यासारखं त्यात काहीच नाही.

त्याच्या गिटारचा तो ओलसर, थरथरता आवाज कसा येतो?

मुख्य करामत ट्रेमोलोची, म्हणजे आवाजाची पातळी ठरावीक लयीत कमी-जास्त होण्याची. फॉगर्टी कस्टम कंपनीचा ॲम्प्लिफायर वापरायचा, त्यातला ट्रेमोलो खोल आणि संथ होता. ‘बॉर्न ऑन द बायू’च्या सुरुवातीला एकच कॉर्ड लाटेसारखा वर-खाली होत राहतो, तो हा परिणाम. दुसरी गोष्ट, त्याची काळी गिब्सन लेस पॉल कस्टम तो एक पूर्ण स्वर खाली लावत असे. ‘बॅड मून रायझिंग’ वाजवायला घेतल्यावर गिटार रेकॉर्डशी का जुळत नाही, म्हणून नवशिके हैराण होतात, त्याचं कारण हेच. तारा उतरवा, मग हाताची ठेवण आपोआप बसेल.

त्याची आवडती रिकनबॅकर ३२५ मात्र त्यानं सत्तरच्या दशकात एका लहान मुलाला देऊन टाकली होती. बँडची आठवणही नको, अशा मनःस्थितीत. २०१६ च्या नाताळात बायको ज्युलीनं तीच गिटार शोधून त्याला परत दिली.

‘फॉर्च्युनेट सन’ हे देशभक्तीचं गाणं आहे ना?

उलट. युद्ध पुकारणारे आणि लढायला जाणारे हे वेगवेगळ्या घरचे असतात, बड्या बापांची मुलं सुटतात आणि साध्या घरातली मरतात, या संतापाचं ते गाणं आहे. माजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा नातू आणि निक्सन यांची मुलगी यांचं १९६८ मध्ये लग्न झालं. त्या बातम्या वाचताना डोक्यात ठिणगी पडली, असं फॉगर्टीनं सांगितलं आहे. तो स्वतः गणवेश घातलेला माणूस होता, त्यामुळे गाण्यात सैनिकाबद्दल तुच्छता कुठेच नाही.

तरीही पहिले दोन-चार शब्द ऐकून राजकीय सभांत ते लावलं जातं. २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारसभांत ते वाजलं, तेव्हा फॉगर्टीनं ते थांबवण्याची कायदेशीर नोटीस धाडली.

याच धर्तीवर आणखी एक : ‘रन थ्रू द जंगल’ हे गाणं व्हिएतनामच्या रानाबद्दल आहे असं सगळे धरून चालतात. तो म्हणतो, ते अमेरिकेत घरोघरी असलेल्या बंदुकांबद्दल आहे.

बँड फुटला कशामुळे?

आधी भाऊबंदकी. टॉमचं गाणं बंद झालं, त्याच्या रचना घेतल्या जात नव्हत्या, आणि ज्या बँडचा तो एकेकाळी मुख्य गायक होता त्यात त्याच्या हाती फक्त साथीची गिटार उरली. १९७१ च्या सुरुवातीला तो बाहेर पडला. ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ त्याच सुमाराचं. बाहेर यशाचं ऊन पडलेलं असताना आत पाऊस लागला होता, असा त्याचा उगम फॉगर्टी सांगतो.

मग राहिलेल्या तिघांनी ‘मार्डी ग्रा’ केला. त्यात कुक आणि क्लिफर्ड यांनीही आपापली गाणी लिहून गायली. हे त्यांनी मागितलं म्हणून झालं की जॉननं त्यांच्यावर लादलं, यावर दोन्ही बाजू आजतागायत वेगवेगळं सांगतात. समीक्षकांनी अल्बमची सालटी काढली. ऑक्टोबर १९७२ मध्ये बँड मोडल्याचं जाहीर झालं.

फँटसी कंपनीशी भांडण नेमकं कशावरून?

यासाठी थोडं हिशेबाचं बोलावं लागेल. गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. एक मूळ रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा. दुसरा विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, ज्याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. सीसीआरचे मास्टर कंपनीकडे होते, त्यात नवल नाही. त्या काळी सगळीकडे तसंच चाले. पण रचनांचे प्रकाशनहक्कही कंपनीकडे गेले होते. लेखक म्हणून फॉगर्टीला त्याचा वाटा मिळे, पण गाणं कुठे वापरायचं, जाहिरातीला द्यायचं की नाही, हे ठरवणारा मालक झेंट्झ. यश मिळालं की करार सुधारून देऊ, असं झेंट्झनं तोंडी सांगितलं होतं आणि पाळलं नाही, हे फॉगर्टीचं म्हणणं.

त्यावर करार असा की दरवर्षी ठरावीक गाणी द्यायची, राहिली तर बाकी पुढच्या वर्षावर चढायची. बँड मोडल्यावर कंपनीनं बाकीच्यांना मोकळं केलं आणि जॉनला धरून ठेवलं. जो गाणी आणतो त्याला कोण सोडेल? त्यातच कर वाचवण्यासाठी बहामातल्या कॅसल बँकेत ठेवलेली बँडची पुंजी बँकेसकट बुडाली.

जॉननं फँटसीसाठी ध्वनिमुद्रण करायचंच नाकारलं. डेव्हिड गेफनच्या असायलम कंपनीनं दहा लाख डॉलर मोजून त्याचे उत्तर अमेरिकेपुरते हक्क घेतले, तेव्हा १९७५ चा एकल अल्बम निघू शकला. ‘रॉकिंग ऑल ओव्हर द वर्ल्ड’ त्यातलंच. १९८५ मध्ये लंडनच्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीची सुरुवात स्टेटस को या बँडनं याच गाण्यानं केली. फॉगर्टीचा पुढचा अल्बम, ‘हूडू’, असायलमनं परत पाठवला. तो आजवर निघालेला नाही. अखेर साधारण १९८० मध्ये सुटकेची किंमत म्हणून फॉगर्टीनं सीसीआरच्या रेकॉर्डवरची कलाकार म्हणून मिळणारी रॉयल्टी सोडून दिली. म्हणजे ‘प्राउड मेरी’ची रेकॉर्ड विकली गेली, तर ती गाणारा म्हणून त्याला काहीच नाही.

मला या साऱ्यात एक विरोधाभास दिसत राहतो. बँडमध्ये एक सूर दुसऱ्याला लावू न देणारा हा माणूस, कागदावर मात्र सगळं देऊन बसला होता.

स्वतःचीच चाल चोरल्याचा खटला त्याच्यावर झाला, ही दंतकथा आहे का?

नाही, अगदी खरी गोष्ट आहे. नऊ वर्षांच्या शांततेनंतर जानेवारी १९८५ मध्ये ‘सेंटरफील्ड’ अल्बम आला. सगळी वाद्यं त्यानं एकट्यानं वाजवली होती. अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. शीर्षकगीत बेसबॉलचं, ते मैदानांवर इतकं रुळलं की २०१० मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमनं त्याला बोलावून ते वाजवून घेतलं.

पण त्याच अल्बममध्ये ‘झांझ कान्ट डान्स’ नावाचं, पाकीट मारणाऱ्या डुकराचं गाणं होतं. रोख कुणाकडे आहे हे सांगायला नको होतं. झेंट्झनं बदनामीबद्दल १४ कोटी ४० लाख डॉलरचा दावा ठोकला. गाण्यातलं नाव बदलून ‘व्हांझ’ करण्यात आलं आणि तो वाद पुढे तडजोडीनं मिटला.

गंमत दुसऱ्या दाव्याची. अल्बममधलं ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे गाणं म्हणजे ‘रन थ्रू द जंगल’चीच चाल नव्या शब्दांत, असा फँटसीचा आरोप होता. दोन्ही रचना फॉगर्टीच्या, पण जुनीची मालक फँटसी. कायद्याच्या नजरेत हक्क विकल्यावर माणूस स्वतःच्याच गाण्याची नक्कल केल्याबद्दल दोषी ठरू शकतो, त्यामुळे दावा वरवर वेडगळ वाटला तरी टिकण्यासारखा होता. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ज्युरीपुढे सुनावणी झाली. फॉगर्टी गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसला आणि आपल्या हातातून गाणं कसं उतरतं, हे वाजवून दाखवलं. दोन्ही गाणी एकाच शैलीची आहेत, पण शैली कुणाच्या मालकीची नसते. ज्युरीनं त्याच्या बाजूनं निकाल दिला.

तिथे गोष्ट संपली नाही. वकिलांवर त्याचे दहा लाख डॉलरपेक्षा जास्त खर्च झाले होते, ते त्यानं फँटसीकडे मागितले. खालच्या कोर्टांची रीत अशी होती की दावा लावणारा जिंकला तर त्याला बहुतेक वेळा खर्च मिळे, पण बचाव करणारा जिंकला तर समोरच्याचा दावा फालतू होता किंवा कुहेतूनं लावला होता हे त्यानं सिद्ध करावं. फॉगर्टी सर्वोच्च न्यायालयात गेला. १ मार्च १९९४ ला न्यायालयानं एकमतानं सांगितलं की दोघांना एकच माप लावा. ‘फॉगर्टी विरुद्ध फँटसी’ हा निकाल कॉपीराइट शिकणाऱ्यांना वाचावाच लागतो, आणि पुढे त्याला खर्चाचे पैसेही मिळाले.

मग जुनी गाणी पुन्हा कधी गायला लागला?

अडखळत. ती गायली की झेंट्झच्या खिशात पैसे जातात, म्हणून तो वर्षानुवर्षं गात नव्हता. १९८६ च्या दौऱ्यात लोक ओरडून फर्माइशी करत आणि हा फक्त नवीन वाजवी. १९८७ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पालोमिनो क्लबात बॉब डिलन आणि जॉर्ज हॅरिसन यांच्यासोबत तो मंचावर होता, तेव्हा डिलननं त्याला टोकलं : तू हे गायला नाहीस तर लोकांना ‘प्राउड मेरी’ टीना टर्नरचं वाटेल. त्या रात्री त्यानं ते गायलं. त्याच वर्षी ४ जुलैला व्हिएतनामच्या माजी सैनिकांसाठीच्या कार्यक्रमातही जुनी गाणी म्हटली.

पुढे १९९० च्या सुमारास तो मिसिसिपीत ब्लूजवाल्यांच्या कबरी बघत फिरला. रॉबर्ट जॉन्सनच्या कबरीपाशी त्याच्या मनात आलं की याच्या गाण्यांचे हक्क कुठल्यातरी वकिलाकडे असतील, पण गाणी याचीच आहेत. तेच आपल्यालाही लागू होतं, हे त्याला उमगलं, असं तो सांगतो. १९९७ चा ‘ब्लू मून स्वाम्प’ आणि त्याला मिळालेली ग्रॅमी, हे त्यानंतरचं. त्याच्या एकल अल्बमांतला माझा सर्वांत आवडता हाच.

टॉमशी समेट झाला का?

नाही. टॉम शेवटपर्यंत झेंट्झच्या बाजूनं राहिला. रक्त चढवताना एचआयव्हीची लागण झाली आणि एड्समुळे सप्टेंबर १९९० मध्ये तो गेला. १९९३ मध्ये बँडचा रॉक-अँड-रोल हॉल ऑफ फेममध्ये सन्मान झाला, तेव्हा जॉननं कुक-क्लिफर्डबरोबर वाजवायला नकार दिला आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन, रॉबी रॉबर्टसन यांना घेऊन गाणी सादर केली. ते दोघं मंचावर नव्हतेच. फॉगर्टीचा कितीही चाहता असलो तरी हा प्रसंग मला खटकतो.

गाणी शेवटी त्याला परत मिळाली का?

अर्धी. २००४ मध्ये कॉन्कॉर्ड या संगीत कंपनीनं फँटसी विकत घेतली आणि सोडून दिलेली रॉयल्टी त्याला पुन्हा सुरू करून दिली. जानेवारी २०२३ मध्ये प्रकाशनहक्कांतला बहुतांश हिस्सा त्यानं विकत घेतला, सत्त्याहत्तराव्या वर्षी. मूळ मास्टर मात्र अजून कॉन्कॉर्डकडे आहेत.

आपल्याकडे २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर सिनेमासाठी लिहिलेलं गाणं थिएटरबाहेर वापरलं गेलं, तर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा निर्मात्याला लिहून देताच येत नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. फॉगर्टीच्या करारातली गोम कळली की या तरतुदीची किंमतही कळते.

२०२५ च्या नव्या अल्बममध्ये जुनीच गाणी आहेत. कोणती आवृत्ती ऐकू?

‘लेगसी’ या अल्बममध्ये त्यानं सीसीआरची वीस गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली आहेत, सोबत शेन आणि टायलर ही मुलं आहेत. मास्टर आपले नसतील तर नवे बनवायचे, हा पॉप गायिका टेलर स्विफ्टनं रूढ केलेला मार्ग, आणि त्यानं ‘जॉन्स व्हर्जन’ या उपशीर्षकातही ते लपवलेलं नाही. ऐंशीतल्या माणसाचा आवाज इतका शाबूत असणं थक्क करणारं आहे. तरी नव्यानं ऐकणाऱ्यानं जुन्याच रेकॉर्ड आधी ऐकाव्यात. क्लिफर्ड आणि कुकचा तो किंचित मागे रेलणारा ताल नव्यात नाही. सुरुवात ‘ग्रीन रिव्हर’पासून करा, अर्ध्या तासाच्या आत संपतो.